हरवण्याआधी सापडलेला

माणूस हरवण्याआधी सापडू शकत नाही. हा नियम मी लिहिला तेव्हा कार्यालयात कोणी हरकत घेतली नाही. हरकत घेण्यासारखं त्यात काही नव्हतंच. एखादा मे महिन्यात घरातून गेला असेल, तर मार्चमध्ये सापडलेला मृतदेह त्याचा असणार नाही. तो बाजूला काढा, यंत्राचा वेळ वाचवा, नातेवाइकांना नको ते फोटो दाखवू नका. इतका बिनतोड नियम मी आयुष्यात दुसरा लिहिला नाही, आणि हल्ली कोणी बिनतोड म्हणालं की मी ते दोनदा वाचून पाहते.

आमच्या कार्यालयाचं काम सांगायला सोपं आहे. एका बाजूला हरवलेल्या माणसांची यादी, दुसऱ्या बाजूला सापडलेल्या बेवारस मृतदेहांची. दोन्ही याद्या ताडून पाहायच्या. वय, उंची, अंगावरच्या खुणा आणि सगळ्यात आधी तारखा. जुळलं तर घरच्यांना बोलवायचं, नाही जुळलं तर पुढच्या सोमवारी पुन्हा ताडायचं. प्रोग्राम माझा, तो चालवणारीही मीच. पहिले सहा महिने मी फक्त तारखांशी भांडत होते, म्हणून मला तिथे तारीखबाई म्हणतात. मला ते नाव आवडायचं.

ही नोकरी मी भावासाठी धरली. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, घरात आम्ही त्याला धाकटा म्हणायचो. लिफ्ट बसवायचं काम करायचा. डाव्या करंगळीचं वरचं पेर एका लिफ्टच्या दारात गेलं होतं, तेव्हापासून स्वतःला साडेनऊ बोटांचा कारागीर म्हणवून घ्यायचा. नऊ एप्रिलला सकाळी खांद्याला पिशवी लावून तो निघाला. आईने दारातून विचारलं, कधी येशील. तो म्हणाला, परवा येतो. पुढे मुकादमाला विचारलं तेव्हा कळलं, त्या आठवड्यात काम नव्हतंच, त्याला कोणी कुठे बोलावलंही नव्हतं.

त्याआधीचे काही महिने तो घुमा झाला होता. जेवायला बसला की ताटातला घास तसाच राहायचा. मी विचारलं की म्हणायचा, काही नाही गं ताई. आणि मी काही नाही म्हणजे काही नाही असंच धरून चालले. मला तेव्हाही वाचता येत नव्हतं.

आठ महिने वाट पाहून मी आधीची बरी नोकरी सोडली आणि इथे आले. म्हटलं, दुसऱ्यांवर विसंबून बसण्यापेक्षा आपणच शोधू. पाहते तर याद्यांचा नुसता चिवडा झालेला. प्रत्येक पोलीस ठाणं आपल्या तऱ्हेने तारीख लिहायचं. कोणी दिवस आधी, कोणी महिना आधी. १७/०४ असं असेल तर प्रश्न नाही, सतरावा महिना कुठल्याच कॅलेंडरात नसतो. पण ०५/०३ असं असेल तर? पाच मार्च की तीन मे? लिहिणाऱ्याला माहीत असतं, वाचणाऱ्याला नसतं, आणि लिहिणाऱ्याची तोवर बदली झालेली असते.

ज्या तारखा स्पष्ट होत्या त्या मी मोजल्या. शंभरातल्या साठांत महिना आधी होता. शितावरून भाताची परीक्षा केली आणि ठरवून टाकलं की जिथे शंका येईल तिथे पहिला आकडा महिन्याचा धरायचा. दोन्ही बाजूंनी वाचून पाहता आलं असतं. पण मग सोमवारच्या ताडणीला अकरा मिनिटांच्या जागी बावीस लागली असती. मला ते गबाळं वाटलं. त्या अकरा मिनिटांत मी चहा पीत असे.

तुम्ही विचाराल, मग धाकट्याची नोंद तू उघडून पाहिली नाहीस का. नाही पाहिली. हजारो नोंदी मी डोळ्यांखालून घातल्या, त्या एकीवर कधी गेले नाही. ती तारीख मला पाठ होती, त्याची उंची, त्याचं वय, त्याची करंगळी, सगळं पाठ होतं. पाठ असलेलं कशाला वाचायचं, असं मी स्वतःला सांगत असे. खरं सांगायचं तर त्या याद्यांच्या रकान्यांत त्याचं नाव मला बघवलं नसतं.

सोमवारी संध्याकाळी मी घरी आले की आई विचारायची, "यादीत?"

मी म्हणायची, "नाही."

"मग आहे," आई म्हणायची आणि कामाला लागायची.

चार वर्षांत आमच्यात त्याच्याबद्दल याहून जास्त बोलणं क्वचितच झालं. पहिल्या वर्षी आई एकदा हसून म्हणाली होती, "परवा येतो म्हणाला, कुठला परवा ते काही म्हणाला नाही." परवा हा शब्दच तसला. होऊन गेलेला दिवसही परवा आणि यायचा असलेलाही परवाच. पुढे क्रियापद लागतं म्हणून आपला घोटाळा होत नाही. परवा आला, परवा येईल, लहान मूलसुद्धा चुकत नाही. आई मात्र त्या दिवसापासून दाराची कडी न लावता झोपायची. त्याच्याकडे किल्ली होती, तरी. मी आधी रागावले, चोराचिलटांची भीती घालून पाहिली, मग गप्प बसले. कारण दर सोमवारी तो यादीत नाही असं मीच तिला सांगत होते.

यंदा वरून हुकूम आला की ज्यांचं माणूस अजून सापडलेलं नाही अशा प्रत्येक घरी एक पत्र पाठवायचं. तुमची तक्रार आमच्याकडे आहे, तपास चालू आहे, वगैरे. पत्रात हरवल्याची तारीख छापताना मी महिना अक्षरी घातला. साध्या माणसांना आकड्यांत कळत नाही म्हणून. मोठ्या आल्या साध्या माणसांची काळजी करणाऱ्या.

पत्रं सोमवारी सकाळी छापून झाली, पाकिटांत भरली आणि टपालासाठी माझ्या टेबलावर ढीग लागला. त्यातलं एकच पत्र तेवढं हातोहात गेलं. एक शिंपी दर महिन्याला येऊन चौकशी करून जायचे, त्यांची मुलगी गेली होती. गळ्यात मोजायची फीत तशीच घेऊन यायचे. मी त्यांना पाकीट दिलं. ते जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

"बाई, हे दुसऱ्या कोणाचं आहे का?"

"नाव तुमचंच आहे ना, काका?"

"नाव आमचंच आहे. पण यात तीन मे लिहिलंय. ती पाच मार्चला गेली."

मला दहा कामं होती. मी म्हणाले, "काका, चार वर्षांत तारखा मागेपुढे होतात. ठाण्यात जी लिहून दिलीत तीच इथे आलीय."

"ठाण्यात मी पाच मार्चच लिहून दिली."

"मग लिहिताना चुकलात."

ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि सावकाश बोलले. "बाई, शाळेच्या गणवेशांचं काम होतं. दोनशे सदरे. ती काजं करत होती. दुपारी सुई कापडात खोचून उठली, ती परत बसलीच नाही. सुई अजून तिथेच आहे, मी काढलेली नाही. आम्ही गणवेश मार्चमध्ये शिवतो. मे महिन्यात आमच्या दुकानात माशी असते नुसती. तीन मे कशी असेल?"

मी त्यांची नोंद उघडली. ०५/०३. आकडे त्यांनी दिले तेच होते. वाचणारी चुकली होती.

त्यांच्यासमोरच तारीख हाताने बदलली आणि फक्त त्यांच्यापुरतं पुन्हा ताडून पाहिलं. काही जुळलं नाही. मी यंत्राचा पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला.

"नाही ना?" ते म्हणाले.

"नाही."

"म्हणजे आहे कुठेतरी." त्यांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं, मला नमस्कार केला आणि गेले. आईचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते किती पोकळ आहे ते मला कळलं. मी त्यांना थांबवलं नाही.

आमच्या घरचं पाकीट त्याच ढिगात होतं. आईच्या नावाचं. ते शोधायला वेळ लागला नाही, फोडायला लागला. त्यात लिहिलं होतं, आपले चिरंजीव दिनांक ४ सप्टेंबरपासून बेपत्ता असल्याची नोंद आमच्याकडे आहे.

ठाण्यात मी स्वतः गेले होते. पुढ्यातल्या हवालदाराने लिहिलं, ०९/०४. मी ते बरोबर आहे म्हणून सही केली. नऊ एप्रिल. पुढे मीच त्याचा चार सप्टेंबर केला आणि एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत सापडलेला प्रत्येक मृतदेह माझ्या भावापासून दूर ठेवला. माणूस हरवण्याआधी सापडू शकत नाही.

तारीख बदलली, एंटर दाबलं. एक नोंद जुळली. एकच.

पुरुष, वय अंदाजे तीस. डाव्या करंगळीचं वरचं पेर नाही, जखम जुनी. कालव्यावरच्या जुन्या पुलाखाली सापडला, तारीख सतरा एप्रिल. पाण्यात अंदाजे सहा ते आठ दिवस. आमच्या घरापासून तो पूल चालत चाळीस मिनिटांवर आहे. दफन क्रमांक एकोणीसशे सात. बेवारसांना पुरतात ती मैदानं मला माहीत होती, जागा कमी पडते म्हणून तीन वर्षांनी त्याच खड्ड्यात दुसऱ्याला ठेवतात. सामान, पिशवी क्रमांक तोच, आमच्या तळघरातल्या कोठीत जमा.

मी रडले वगैरे नाही. मी जिना उतरायला लागले.

आमचे कोठीवाले वयस्क, शांत गृहस्थ. डबा आम्ही रोज एकत्र खातो. बेवारस लोकांच्या सामानाच्या पिशव्या त्यांच्या ताब्यात असतात आणि पिशवी आली की आत काय आहे ते ते स्वतः उघडून वहीत लिहितात. माझ्या यंत्रात पिशवीचा फक्त नंबर असतो. मी एकोणीसशे सात म्हटल्यावर त्यांनी मांडणीकडे न जाता सरळ वही काढली.

"ती नाही आता, बाई. तीन वर्षं झाली की जाळतो ना आपण. गेल्या एप्रिलात गेली." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "यादी तुम्हीच काढून दिलेली."

खरंच दिली होती. दर एप्रिलला मी छापून द्यायची, तीन वर्षं पूर्ण झालेल्या आणि कोणाशी न जुळलेल्या पिशव्यांची यादी. खाली दोन सह्या. एक त्यांची, एक माझी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आपण हसत हसत वापरतो. मी कामाला लागल्यापासून ती पिशवी दोन वर्षं आणि चार महिने माझ्या खुर्चीच्या बरोबर दोन मजले खाली होती. मग मी ती जाळायला सांगितली.

"काय होतं आत?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "जॅकेट, तपकिरी, आतला खिसा फाटका. रुमाल एक. किल्ली एक, निळ्या लोकरीने बांधलेली. बसचं तिकीट एक, भिजलेलं. ११/४. पुढचं वाचता येत नाही."

लोकर आईच्या स्वेटरची होती. घरातल्या तिन्ही किल्ल्यांना तिने ती बांधली होती. माझ्या पर्समध्ये त्यातलीच एक होती, ती मी चाचपून पाहिली.

"कोण, बाई?" कोठीवाल्यांनी विचारलं.

"भाऊ."

त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली ती ओळ बोटाने पुसल्यासारखी केली.

मी विचारलं, "तिकिटाचा रंग आठवतो? पिवळं की पांढरं?"

"दिवसाला चाळीस पिशव्या यायच्या हो तेव्हा. जेवढं दिसलं तेवढं लिहिलं."

रंग का हवा होता ते सांगते. धाकटा परगावी कामाला जायचा त्या रस्त्यावर दोन कंपन्यांच्या बस चालतात आणि तो जी आधी येईल तिच्यात चढायचा. मी वर येऊन दोन्हीकडे फोन केले. पिवळ्या तिकिटावर दिवस आधी छापतात. पांढऱ्यावर महिना आधी. दोघांनीही अगदी आदराने सांगितलं आणि दोघांचीही जुनी नोंद आता नव्हती.

पिवळं असेल तर अकरा एप्रिल. म्हणजे तो दोन दिवस कुठे का असेना, कबूल केल्याप्रमाणे परवा घरी यायला निघाला होता. पुलावर काय झालं ते झालं, पण तोंड घराकडे होतं.

पांढरं असेल तर चार नोव्हेंबर. आदल्या वर्षीच्या चार नोव्हेंबरला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि त्यासाठी तो काम अर्धं टाकून परगावाहून आला होता. अंगात हेच जॅकेट होतं. त्याचा आतला खिसा फाटका असल्यामुळे वस्तू अस्तरात जायच्या. हिवाळा संपला की आई ते धुताना अस्तरातून नाणी आणि तिकिटं काढून टेबलावर मांडायची. त्या वर्षी डोळ्यामुळे धुणं राहिलं. तिकीट ते असेल, तर तो बसमध्ये कधी चढलाच नाही. नऊ तारखेला दारातून परवा म्हणाला आणि चाळीस मिनिटं चालत सरळ पुलावर गेला.

पाण्यात सहा ते आठ दिवस. सतरातून सहा गेले अकरा, आठ गेले नऊ. तेही दोन्हीकडे चालतं.

दुपारी साहेबांच्या खोलीत गेले. तोवर मी सगळी यादी दोन्ही बाजूंनी वाचून ताडली होती. बरोबर बावीस मिनिटं लागली. एकसष्ट नवीन जुळण्या निघाल्या. त्यातल्या चव्वेचाळीस पिशव्या जाळून झाल्या होत्या, सगळ्या याद्यांवर माझी सही.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पत्रात महिना अक्षरी छापायचं कोणी ठरवलं?"

"मी."

"ते आधी बंद करा. पत्रं थांबवा. मी वर विचारतो."

"साहेब, एकसष्ट घरं आहेत."

"म्हणूनच. एकसष्ट घरी जाऊन काय सांगणार? चार वर्षं आमच्याकडेच होता, आता नाही?" मग त्यांना काही सुचलं असावं, आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही आज घरी जा. तुमचं तरी तुम्ही सांगू शकता."

घरी आले तेव्हा उजेड होता. आई ओट्यापाशी स्टुलावर बसून लसूण सोलत होती. डोळा बरा झाल्यापासून तिला असली बारीक कामं आवडतात.

"यादीत?" तिने विचारलं.

मी समोर बसले. "आहे."

तिचा हात थांबला नाही. "कोण आहे?"

"धाकटा."

"चार वर्षं नव्हता."

"होता, आई. मी चुकीचं वाचत होते. नऊ एप्रिलचा यंत्राने चार सप्टेंबर केला. म्हणजे मीच केला."

"तुला नऊ एप्रिल माहीत नव्हता?"

"माहीत होता."

"मग?"

मी नियम सांगायला लागले, शंभरातले साठ वगैरे, आणि दुसऱ्याच वाक्याला गप्प झाले. आईने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या.

"त्याचा कागद कधी उघडून पाहिला नाहीस?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही बघवलं."

ती पदराला हात पुसून म्हणाली, "किल्ली असेल त्याच्याजवळ. ती आण, मग मानीन."

"किल्ली होती. निळ्या लोकरीची. जाळली."

"कोणी?"

"आम्ही. तीन वर्षं झाली की जाळतात. सही माझी आहे."

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त मान हलवली, भाजीवाल्याने भाव जास्त सांगितला की हलवते तशी. "चार वर्षं तुझं यंत्र नाही म्हणालं, मी ऐकलं. आज हो म्हणतंय, तेही ऐकू? उद्या पुन्हा नाही म्हणेल."

"आता नाही म्हणणार."

"कशावरून?"

"करंगळी आहे लिहिलेली."

"करंगळ्या काय एकाच्याच तुटतात." ती उठली, वाटी फळीवर ठेवली, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "तो परवा येतो म्हणाला होता. बाकी सगळ्यांशी बोलला असेल खोटं, तुझ्याशी, मुकादमाशी. माझ्याशी नाही बोलला कधी. येणारा माणूस पुलाखाली कशाला जाईल?"

हाच तो प्रश्न होता. तो मी दुपारपासून जिन्यावर, फोनवर, रस्त्यात स्वतःला विचारत होते आणि तो आईच्या तोंडी येऊ नये एवढंच मनात होतं. तिला तो मेला हे पटत नव्हतं, कारण पटवून घ्यायचं तर त्याचं ते वाक्य खोटं ठरत होतं. ते खोटं ठरवण्यापेक्षा ती जन्मभर कडी उघडी ठेवून झोपली असती.

"खिशात बसचं तिकीट होतं," मी म्हणाले.

ती वळली. "कधीचं?"

माझ्या डोळ्यांसमोर कोठीवाल्यांचं अक्षर होतं. अकरा, मध्ये तिरकी रेघ, चार. आकड्यांना क्रियापद नसतं. येत होता की जात होता, ते आकडे सांगत नाहीत.

"अकरा एप्रिलचं," मी म्हणाले.

आईने बोटांवर मोजलं. नऊ, दहा, अकरा. दोनदा मोजलं.

"परवा," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे येत होता."

"येत होता."

"त्या पुलाला एका बाजूने कठडा नाही. मी नेहमी म्हणायची, कोणीतरी पडेल." ती स्टुलावर बसली आणि मग रडली, मोठ्याने, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, धरलाही नाही. बऱ्याच वेळाने तिने तोंड धुतलं, कणीक मळली, मला ताट वाढलं. धाकट्याचं ताट चार वर्षं फळीवर सगळ्यात वर असायचं, हाताला लागेल असं. ते तिने खालच्या फळीवर, मागे ठेवलं.

जेवण झाल्यावर ती दाराशी गेली आणि तिने कडी लावली. चार वर्षं न वापरल्यामुळे कडी जाम झाली होती, तिला दोन्ही हातांनी ओढावी लागली.

मी बसल्या जागेवरून पाहत होते. सकाळी शिंप्यांना मी म्हणाले होते की लिहिताना तुम्ही चुकलात. साहेबांना म्हणाले होते की यापुढे शंका असेल तिथे दोन्ही बाजूंनी वाचायचं, आपल्या मनाने काही ठरवायचं नाही. घरी येऊन एक दिवसही मला ते पाळता आलं नाही. आईला मी अकरा एप्रिल दिला. चार नोव्हेंबर माझ्याकडे राहिला.